नारायण मेघाजी लोखंडे आणि मुंबईच्या नाभिकांचा संप

रविवारची सुट्टी तुम्ही गृहीत धरता. नोकरी करून शिकणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांनी ही पुस्तिकाही रविवारीच उघडली असेल. ही सुट्टी गिरणी कामगारांना मिळवून देणारे पुढारी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव तुमच्या वाचनात आलेले असण्याचा संभव आहे. मात्र ज्या १८९० साली ती सुट्टी मिळाली, त्याच साली आणि तिच्याही आधी लोखंडे यांनी मुंबईत आणखी एक कार्य घडवून आणले. विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, असा निश्चय त्यांनी शहरातील नाभिकांकडून करवला. त्यांच्या चरित्रांत या घटनेला बहुधा दोन-चार ओळींची जागा मिळते. प्रस्तुत घटकात आपण तिच्याकडे अधिक सावकाशपणे पाहणार आहोत.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात एका सामान्य फुलमाळी कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. शालेय शिक्षण झाल्यावर त्यांनी काही काळ रेल्वेत व टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मांडवी येथील कापड गिरणीत ते भांडारपाल झाले. कोठारातील सुताच्या, तेलाच्या व सामानाच्या नोंदी ठेवणाऱ्या या माणसाला गिरणीचे आतले रूप रोज दिसत होते. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले, सुट्टीचा नेम नसे, पगार हाती पडण्याची तारीख ठरलेली नसे, आणि यंत्रात हात गेला तर तो ज्याचा त्याचा दोष समजला जाई. महात्मा जोतिराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाशी लोखंडे यांचा संबंध आला आणि जे दिसत होते त्याचा अर्थ लावण्याची दृष्टी त्यांना लाभली. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक आर्थिक ओढाताणीत सापडले होते. १८८० पासून लोखंडे यांनी ते मुंबईतून चालवले. शेतकरी, कारागीर आणि कामगार यांची गाऱ्हाणी मांडणारी वृत्तपत्रे त्या काळी फारशी नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या पत्राचे मोल कळते.

१८८४ साली मुंबई सरकारने गिरण्यांतील स्थितीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. त्या सप्टेंबरात लोखंडे यांनी परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा बोलावली. रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार आणि अपघातात जायबंदी झालेल्यास भरपाई, अशा मागण्या तेथे ठरल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांनिशी त्या आयोगापुढे गेल्या. याच काळात बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभी राहिली. या संस्थेला वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती, लेखी नियमही नव्हते. ही उणीव त्या काळच्या सरकारी नोंदींतही टिपलेली आहे आणि ती खोटी नाही. परंतु ज्यांना एकत्र येण्याची सवयच नव्हती अशा माणसांना एका जागी आणून, एक ठराव समजावून सांगून त्यावर त्यांची सही किंवा अंगठा घेणे, हे कौशल्य लोखंडे यांनी या वर्षांत कमावले. नाभिकांच्या सभेकडे वळताना त्यांचे हे कौशल्य विसरू नका.

न्हाव्याचा वस्तरा आणि विधवेचे केस

केशवपनाची रूढी तुम्हाला कथा-कादंबऱ्यांतून परिचित असेल. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींत पती निवर्तल्यावर स्त्रीचे केस काढले जात, मग ती साठीची असो की बारा वर्षांची. अंगावर अलवण, एकवेळचे जेवण, मंगल कार्यात तोंड दाखवण्यास मनाई, हे सारे त्यापाठोपाठ येई. येथे एक व्यावहारिक गोष्ट सहसा निसटते. केस पुन्हा वाढतात. म्हणून हा विधी एकदा होऊन संपत नसे. न्हावी काखेत धोकटी मारून ठरावीक दिवसांनी मागील दाराने येई, आणि सोवळी स्त्री वर्षानुवर्षे त्याच्यापुढे मान खाली घालून बसे. आज्ञा घरातील वडीलधाऱ्यांची, आधार शास्त्राचा म्हणून सांगितलेला, आणि हात मात्र न्हाव्याचा.

हा हात गावगाड्यात कोठे होता? न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. हजामत हे त्याचे मुख्य काम असले तरी लग्नकार्यातील मान, निरोप पोहोचवणे, मशाल धरणे, अंग रगडणे, किरकोळ गळू फोडणे अशी कितीतरी कामे त्याच्याकडे असत. मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने मिळे. जन्मापासून मरणापर्यंत कोणत्याही संस्काराला तो हवा असे, आणि तरीही भाषेने त्याला मान दिला नाही. एखाद्याची हजामत करणे किंवा बिनपाण्याने करणे या वाक्प्रचारांत फजितीचाच अर्थ आहे. मराठीचे अभ्यासक म्हणून, व्यवसायाचे नाव अपमानासाठी कसे वापरले जाते याचे हे उदाहरण तुम्ही टिपून ठेवा. दुसऱ्या बाजूला याच समाजातील संत सेना यांना वारकरी परंपरेने आपल्या मालिकेत स्थान दिले. सेना पूजेत गुंतले असता देवच धोकटी घेऊन राजाच्या सेवेला गेला, ही आख्यायिका कीर्तनकारांनी घरोघर पोहोचवली आहे.

गावातील बलुतेदाराने एका घराचे काम नाकारणे म्हणजे सगळ्या गावाशी वैर घेणे होते. मुंबईत स्थिती थोडी निराळी होती. गिरगावच्या वाड्यांतून, भायखळा-परळच्या चाळींतून फिरणाऱ्या किंवा रस्त्याच्या कडेला आरसा व वाटी मांडून बसणाऱ्या न्हाव्याला रोख पैसे मिळत आणि त्याची गिऱ्हाइके अनेक जातींची असत. एक घर सुटले तरी चूल विझत नसे. नाभिकांचा हा निश्चय खेड्यात न होता मुंबईत झाला, यामागे शहरातील हे स्वातंत्र्य असावे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गिरण्यांनी वसवलेल्या या शहराने माणसांना भरपूर पिळले, पण बलुत्याची दोरीही येथेच सैल झाली.

सरकारकडे मागणी, मग आपला आपण निश्चय

केशवपनाविरुद्धचा विचार लोखंडे यांच्या आधीपासून सुरू होता. जोतिरावांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि पुढे एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला दत्तक घेतले. बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवरील टिपणे १८८४ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांवर आपले मत देताना, विधवांचे वपन करण्यास न्हाव्यांना सरकारने मनाई करावी, अशी सूचना जोतिरावांनी केली होती. सरकारने तसे काही केले नाही. १८५७ नंतर रूढींना हात लावण्यास राज्यकर्ते कचरत होते.

१८९० च्या मार्च महिन्यात मुंबईत नाभिकांची सभा भरली, तिच्यामागे लोखंडे व ‘दीनबंधु’ होते. शेकडो नाभिक जमले आणि विधवांचे केस काढण्याचे काम यापुढे करायचे नाही, असे त्यांनी ठरवले. सहा वर्षांपूर्वी जी बंदी सरकारकडे मागितली होती, ती आता वस्तरा धरणाऱ्यांनी स्वतःवर घालून घेतली. या फरकाकडे नीट पाहा. कायद्याने बंदी आली असती तर न्हावी हा केवळ आज्ञा पाळणारा राहिला असता, पूर्वी यजमानाची आणि आता सरकारची. सभेने त्याला निर्णय घेणारा केले. रूढी पोथीत लिहिलेली असली तरी ती चालवण्यासाठी कोणाचे तरी हात लागतात, आणि ते हात मोलाने काम करणाऱ्याचे असतात, हे गिरणीतील अनुभवावरून लोखंडे यांनी ओळखले होते असे दिसते.

या घटनेला संप म्हणतात. ते नाव रूढ झाले असले तरी त्याचा अर्थ मर्यादित घ्यावा. नाभिकांनी दुकाने बंद केली नाहीत, मजुरी वाढवून मागितली नाही. त्यांनी एक विशिष्ट काम नाकारले आणि त्यासोबत त्या कामाचे पैसेही सोडले. नुकसान सोसून केलेला हा नकार दुसऱ्या जातीतील, दुसऱ्या घरातील स्त्रियांसाठी होता. वार्ता लंडनच्या वृत्तपत्रापर्यंत गेली.

त्या स्त्रिया मात्र सभेत नव्हत्या. सोवळ्या बाईने अशा जागी येणे त्या काळात संभवतच नव्हते. त्यांचा आवाज शोधायचा तर गिरगाव चौपाटीकडे पाहावे लागते. पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये तेथे शारदा सदन सुरू केले होते. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई झालेल्या गोदूबाई त्याच सदनात शिकत होत्या. परळ-भायखळ्याचे सत्यशोधक आणि चौपाटीवरचे शारदा सदन यांच्यात अंतर फार नव्हते, तरी ही दोन जगे जवळजवळ स्वतंत्रपणे चालली.

संपाने रूढी बंद पडली का? नाही. विसाव्या शतकातही ती अनेक घरांत चालू राहिली. एका न्हाव्याने नाकारले तर दुसरा शोधता येत होता, आणि शहराबाहेर तो सहज मिळत होता. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली ती याच १८९० साली. तिच्यातील यमूचे केस बळजबरीने काढले जातात. ती कादंबरी तुमच्या अभ्यासक्रमात नसली तरी मिळवून वाचा, आणि वाचताना आज्ञा कोण देते, गप्प कोण राहते आणि वस्तरा कोणाच्या हाती आहे, याची वेगळी टिपणे काढा.

रंगभूमी व पडदा यांवरील न्हावी

लोकप्रिय कथांतील न्हावी बहुधा दोन रूपांत भेटतो. एक बडबड्या, गावभरच्या बातम्या ठेवणारा, हसवणारा. युरोपीय रंगमंचावर रॉसिनीच्या संगीतिकेतील सेव्हिलचा न्हावी (१८१६) याच घराण्यातला. दुसरे रूप स्वामिनिष्ठ सेवकाचे. मराठीत ते फार जिव्हाळ्याचे आहे. प्रतापगडावर शिवाजी महाराजांवरील वार अडवणारे जिवा महाला आणि पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटावेत म्हणून त्यांचा वेष घेऊन मृत्यू पत्करणारे शिवा काशीद हे दोघेही नाभिक समाजातले. पोवाडे, नाटके आणि अलीकडे ‘पावनखिंड’ व ‘शेर शिवराज’ (२०२२) यांसारखे चित्रपट त्यांची आठवण जागी ठेवतात. चार्ली चॅप्लिनने ‘द ग्रेट डिक्टेटर’ (१९४०) मध्ये एका ज्यू न्हाव्याला हुकूमशहाच्या जागी उभे केले, तेव्हा तिसरी शक्यता दिसली. कोणीही ज्याच्याकडे लक्ष देत नाही असा हा कारागीर तेथे सत्तेच्या भाषेविरुद्ध बोलतो.

१८९० चे नाभिक या तिसऱ्या जातीचे आहेत, पण त्यांतील एकाचेही नाव लोकांच्या तोंडी नाही. इतकेच नव्हे, तर लोकप्रिय कथनांत हा संप पुष्कळदा जोतिराव व सावित्रीबाई यांनीच घडवला असे सांगितले जाते. प्रेरणा त्यांची होती यात शंका नाही. पण मोठ्या नावाभोवती सगळ्या घटना गोळा होतात आणि मधला संघटक पुसट होतो, हा चरित्रलेखनातील नेहमीचा धोका येथे दिसतो. जोतिराव त्या काळी पक्षाघाताने जर्जर होते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

नाभिकांच्या सभेनंतर महिन्याभरातच, २४ एप्रिल १८९० रोजी, लोखंडे यांनी मुंबईत सुमारे दहा हजार गिरणी कामगारांची सभा घेतली. तीत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याच्या सुट्टीची मागणी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या कारखाना आयोगाच्या कामात लोखंडे यांचे साहाय्य घेण्यात आले आणि १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टीला स्थान मिळाले. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा दंगा उसळला, तेव्हा सलोख्यासाठी त्यांनी भायखळ्याच्या राणीच्या बागेत मोठा मेळावा भरवला. १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

१८९६ च्या सप्टेंबरात प्लेग प्रथम आढळला तो मांडवीतच, जेथील गिरणीत लोखंडे यांनी भांडारपालाची नोकरी केली होती. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. लोखंडे राहिले, रुग्णांसाठी इस्पितळ उभारण्याच्या खटपटीत पडले आणि त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मरण पावले. महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या.

२००५ साली भारत सरकारने लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. परळमध्ये महाराष्ट्र शासनाच्या श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव दिलेले आहे. १८८४ ची सुपारीबागेतील सभाही परळमध्येच भरली होती. नाभिकांच्या सभेचे स्मारक मुंबईत तुमच्या पाहण्यात आले, तर त्याचे छायाचित्र आणि त्यावरील मजकूर संपर्कसत्राला येताना अवश्य सोबत आणा.