राग आणि हृदय : सर्जन जॉन हंटर यांचे आयुष्य

राग आला की छातीत दुखते, असे काही रुग्ण सांगतात. हे दुखणे मनाचे की हृदयाचे, असा प्रश्न घरच्यांना पडतो. अठराव्या शतकातील एका नामवंत सर्जनच्या आयुष्यात याचे उत्तर मिळते.

जॉन हंटर यांचा जन्म १७२८ मध्ये स्कॉटलंडमध्ये झाला. विसाव्या वर्षी ते लंडनला थोरले भाऊ विल्यम यांच्याकडे शरीररचनाशास्त्र शिकायला गेले. पुढे सैन्यात सर्जन झाले आणि १७६८ पासून सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये सर्जन म्हणून काम करू लागले. देवीच्या लसीमुळे प्रसिद्ध झालेले एडवर्ड जेन्नर हे त्यांचे विद्यार्थी.

हंटर यांच्या कामाचा झपाटा मोठा होता, पण स्वभाव तापट. गरोदरपणातील वारेविषयीच्या शोधाचे श्रेय कोणाचे, यावरून १७८० मध्ये सख्ख्या भावाशीच वाद होऊन दुरावा आला.

१७७३ मध्ये त्यांना छातीत दुखण्याचा पहिला झटका आला. नंतरच्या वर्षांत चढ चढताना, श्रम झाल्यावर आणि विशेषतः रागाच्या भरात दुखू लागे. राग आपल्या जिवावर बेतू शकतो, हे ते स्वतः जाणून होते. तरी राग आवरला नाही. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी हॉस्पिटलच्या बैठकीत विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरून मतभेद झाले. हंटर तडक शेजारच्या खोलीत गेले आणि तिथेच त्यांचा मृत्यू झाला. वय ६५ होते. शवविच्छेदनात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या कडक झालेल्या आढळल्या.

रागात अ‍ॅड्रेनॅलिन वाढते, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. हृदयाला जास्त रक्त लागते, पण अरुंद धमन्यांतून ते पोहोचत नाही. म्हणून दुखते. धमन्या अरुंद होण्यामागे वय, तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल अशी कारणे असतात. वारंवारचा राग त्यात भर घालतो.

म्हणून रागात छातीत दुखत असेल, तर स्वभावाला दोष देऊन थांबू नका, तपासणी करून घ्या. औषधे नियमित घ्या. वाद चढू लागला की तो तिथेच थांबवा. घरच्यांनीही रुग्ण चिडलेला असताना मुद्दा ताणू नये. दुखणे काही मिनिटांत थांबले नाही, घाम आला किंवा धाप लागली, तर लगेच १०८ वर फोन करा.