न्यायासनावरून राज्यसभेत : महमदअली करीम छागला

राजोडीहून निघून नालासोपाऱ्याला गाडी पकडली आणि चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाकडे वळले, की दोन भव्य इमारती शेजारी शेजारी उभ्या दिसतात. एक राजाबाई टॉवरची, म्हणजे मुंबई विद्यापीठाची, आणि दुसरी हायकोर्टाची. आपल्यापैकी कित्येकजण कोर्टाच्या तारखेसाठी किंवा मुलांच्या कागदपत्रांसाठी या इमारतींशी गेलेले असतील. या दोन्ही संस्थांचे सर्वोच्च पद ज्यांनी भूषविले आणि पुढे जे दिल्लीला जाऊन संसदेत बसले, त्या न्यायमूर्ती महमदअली करीम छागला यांची ओळख आपल्याला करून द्यावयाची आहे. आपल्या समाजात हे नाव आदराने घेतले जाते आणि थोड्या नाराजीनेही. दोन्हीला कारणे आहेत, आणि ती दोन्ही आपण जाणून घेतली पाहिजेत.

छागलांचा जन्म ३० सप्टेंबर १९०० रोजी मुंबईत एका खोजा व्यापारी कुटुंबात झाला. आई ते लहान असतानाच वारली. घराण्याचे आडनाव मर्चंट. ‘छागला’ हे त्यांनी पुढे स्वतः घेतलेले नाव. सेंट झेवियर्समध्ये शिक्षण झाल्यावर ते ऑक्सफर्डला गेले, इतिहासाची पदवी घेतली आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. त्यांनी उमेदवारी केली ती बॅ. महमदअली जीनांच्या चेंबरमध्ये. त्या वेळचे जीना हिंदू-मुस्लिम ऐक्याचे पुरस्कर्ते मानले जात आणि तरुण छागलांना त्यांचे मोठे आकर्षण होते. सुरुवातीची कित्येक वर्षे हातात ब्रीफ अशी फारशी येत नसे. तरीही गुरू सोडला तो पैशासाठी नव्हे, मतासाठी. १९२८ मध्ये नेहरू अहवाल आला तेव्हा जीना परदेशी होते. लीगच्या वतीने छागलांनी अहवालाला पाठिंबा दिला. परत आल्यावर जीनांना ते मान्य झाले नाही. तेथे दोघांच्या वाटा फुटल्या त्या फुटल्याच.

१९२७ पासून ते गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात घटनाशास्त्र शिकवीत; त्याच काळात डॉ. आंबेडकरही तेथे प्राध्यापक होते. १९४१ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, १९४७ मध्ये विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि स्वातंत्र्यानंतर लगेच मुख्य न्यायमूर्ती. मुंबईच्या मुख्य न्यायमूर्तिपदावर कायमची नेमणूक झालेले ते पहिले भारतीय होत. दहा वर्षांहून अधिक काळ ते त्या आसनावर होते. वकिलांचे युक्तिवाद संपले की तेथेच, भर कोर्टात, निकाल तोंडी सांगायला सुरुवात करण्याची त्यांची रीत होती. ज्यांनी निकालासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली आहे, त्यांना या रीतीची किंमत कळेल.

एक प्रसंग मराठी माणसाने विसरू नये असा आहे. लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये याच हायकोर्टाने सहा वर्षांची शिक्षा दिली होती. ज्या दालनात ती दिली, तेथे १९५६ मध्ये, टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, स्मृतिशिला बसविण्यात आली. तिचे अनावरण छागलांनी केले. ज्या आसनावरून अन्याय झाला होता, त्याच कोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तीने तो अन्याय होता असे उघडपणे मान्य करावे, ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरा प्रसंग निकालाचा. १९५१ मध्ये नरसू अप्पा माळी यांचा खटला छागला आणि गजेंद्रगडकर यांच्यापुढे आला. प्रश्न हिंदूंच्या द्विभार्याबंदी कायद्याचा होता. पण न्यायमूर्तींनी जे ठरविले त्याचा संबंध सर्वांशी आला. धार्मिक वैयक्तिक कायदे हे घटनेच्या तेराव्या कलमातील प्रचलित कायद्यांत मोडत नाहीत, असे त्यांनी सांगितले. वैयक्तिक कायद्यावर वाद झाला की हा निकाल आजतागायत पुढे येतो. २०१७ च्या तलाकच्या खटल्यातही तो आला. आता गंमत पहा. छागला स्वतः समान नागरी कायद्याचे कट्टर समर्थक होते. मनात एक आणि कायद्याच्या पुस्तकात दुसरे असे दिसले, तेव्हा त्यांनी पुस्तकाप्रमाणे निकाल दिला. आमच्या मते न्यायाधीश म्हणून त्यांची खरी पारख येथे होते.

न्यायाधीशपदाच्या अखेरच्या वर्षात त्यांचे नाव घराघरात पोहोचले ते मुंध्रा प्रकरणामुळे. आयुर्विमा महामंडळाने १९५७ मध्ये हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोट रुपयांचे शेअर घेतले. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्न लावून धरला आणि चौकशीसाठी छागलांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. चौकशी मुंबईत उघड झाली. आत जागा पुरेना म्हणून बाहेर ध्वनिवर्धक लावावे लागले. महिनाभराच्या आत अहवाल तयार झाला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

आणि येथेच वादाला तोंड फुटते. त्याच वर्षी, निवृत्तीला जवळजवळ दोन वर्षे बाकी असताना, छागलांनी न्यायासन सोडले आणि अमेरिकेतील राजदूतपद स्वीकारले. मुंध्रा चौकशीत ॲटर्नी जनरल म्हणून उभे राहिलेले मोतीलाल सेटलवाड हे पहिल्या विधी आयोगाचे अध्यक्ष होते आणि छागला त्या आयोगाचे सदस्य. न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी नोकरी घेऊ नये, असे त्या आयोगाचे मत पडले होते. सेटलवाडांनी आपल्या आत्मचरित्रात छागलांना याबद्दल मोकळेपणाने दोष दिला आहे. छागलांची बाजू अशी मांडता येईल की ज्या सरकारचा मंत्री त्यांनी घरी बसविला, त्याच सरकारकडून मेहेरबानीची अपेक्षा त्यांनी धरली असेल हे संभवत नाही. तरीही सेटलवाडांचे म्हणणे आम्हाला अधिक पटते. उद्याच्या पदाची आशा आजच्या निकालावर पडत नसेलही, पण पक्षकाराच्या मनात शंका उरते. तो प्रश्न अजून मिटलेला नाही. मार्च २०२४ मध्ये कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती अभिजित गंगोपाध्याय यांनी राजीनामा दिला आणि काही आठवड्यांतच तमलुकमधून लोकसभा लढवून ते निवडूनही आले, तेव्हा हाच वाद पुन्हा रंगला.

हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयातही भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून छागला बसले. तो खटला दादरा-नगरहवेलीत जाण्यायेण्याच्या पोर्तुगीजांच्या हक्काचा होता, म्हणजे आपल्या पालघर जिल्ह्याला लागून असलेल्या भूमीचा. पुढे लंडनला हायकमिशनर असताना पंडित नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले आणि नोव्हेंबर १९६३ मध्ये ते शिक्षणमंत्री झाले. संसदेचा सदस्य नसलेल्या मंत्र्याला सहा महिन्यांत निवडून यावे लागते. छागला महाराष्ट्रातून राज्यसभेवर निवडून गेले. वाचकहो, ही निवडणूक आपल्या ओळखीची नव्हे. येथे भोंगा नाही, मिरवणूक नाही, मतदाराच्या ओट्यावर बसून पाणी मागणे नाही; मत देतात ते विधानसभेचे आमदार. पक्षाचे बळ पाठीशी असले की काम होते. छागलांना सामान्य मतदाराच्या दारात कधी उभे राहावे लागले नाही. राहावे लागले असते तर पुढचे एक प्रकरण कदाचित वेगळ्या रीतीने घडले असते, असे आम्हाला वाटते.

ते प्रकरण अलीगढचे. एप्रिल १९६५ मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठात कुलगुरू अली यावर जंग यांच्यावर हल्ला झाला. हल्ला निंद्य होता यात शंका नाही. पण छागलांनी वटहुकूम काढून विद्यापीठाच्या कोर्ट नावाच्या मंडळाचे अधिकारच छाटले. देशभर मुसलमानांत अस्वस्थता पसरली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले आणि १९६७ मध्ये अझीझ बाशा खटल्यात असा निकाल लागला की हे विद्यापीठ मुसलमानांनी स्थापन केलेलेच नाही. तो निर्णय २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी फिरविला. म्हणजे एका वटहुकुमापासून सुरू झालेले हे प्रकरण साठ वर्षे चालले. पै पै जमवून शाळा चालविणाऱ्या आपल्यासारख्या संस्थांना हे दुखणे समजावून सांगण्याची गरज नाही. छागलांचा हेतू विद्यापीठ सुधारण्याचा होता हे आम्ही मान्य करतो. ज्यांनी ते उभारले त्यांच्याशी बोलण्यात ते कमी पडले, हेही म्हटले पाहिजे.

मात्र त्याच शिक्षणमंत्र्यांच्या काळात, १९६४ मध्ये, डॉ. कोठारी आयोग नेमला गेला. दहावी, बारावी आणि तीन वर्षांची पदवी हा जो आकृतिबंध आपल्या घरांतील दोन पिढ्यांनी अनुभवला, त्याचे मूळ त्या आयोगात आहे. काश्मीर प्रश्नावर सुरक्षा समितीत भारताची बाजूही छागलांनी मांडली.

१९६६ च्या अखेरीस ते परराष्ट्रमंत्री झाले आणि दहा महिन्यांतच बाहेर पडले. कारण परराष्ट्र खात्याचे नव्हते, शिक्षणाचे होते. विद्यापीठांतील सर्व शिक्षण थोड्या वर्षांत प्रादेशिक भाषांतून द्यावे असे सरकारचे धोरण ठरू लागले. घाईने तसे केले तर एका प्रांताचा विद्यार्थी आणि प्राध्यापक दुसऱ्या प्रांतात जाऊ शकणार नाही, देशाचे तुकडे पडतील, असे छागलांचे मत होते. सप्टेंबर १९६७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मुलाला मराठीत घालावे, उर्दूत की इंग्रजीत, हा प्रश्न दर जूनमध्ये ज्या आईबापांना पडतो, त्यांना छागलांचे उत्तर पटेल वा न पटेल. पण या प्रश्नासाठी परराष्ट्रमंत्रिपद सोडणारा मंत्री दुसरा कोणी आठवतो का, ते पहावे.

‘रोझेस इन डिसेंबर’ हे त्यांचे आत्मचरित्र १९७३ मध्ये निघाले. आणीबाणी आली तेव्हा ते पंचाहत्तरीला पोहोचले होते. पुष्कळांनी तोंडे मिटून घेतली असता ते १९७५ मध्ये अहमदाबादला नागरी स्वातंत्र्य परिषदेत जाऊन उघड बोलले. डिसेंबर १९८० मध्ये नव्यानेच स्थापन झालेल्या भारतीय जनता पक्षाच्या मुंबई अधिवेशनातही ते व्यासपीठावर गेले. आपल्यापैकी अनेकांना हे रुचले नाही, आजही रुचणार नाही. कोणाला काय रुचेल याचा हिशेब त्यांनी जीनांच्या बाबतीत केला नव्हता, तो येथेही केला नाही.

९ फेब्रुवारी १९८१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९८५ मध्ये हायकोर्टात त्यांचा पुतळा बसविण्यात आला. कोर्टाच्या कामाला गेलात तर तो जरूर पहा. टिळकांची ती शिळाही त्याच इमारतीत आहे.