पन्नाशीपलीकडचा फ्रॉइड

मानसशास्त्राच्या तासाला सिग्मंड फ्रॉइडचे नाव प्रथम ऐकले तेव्हा आम्ही मागच्या बाकावरच्या मुली उगीचच हसलो होतो. पुढे ग्रंथालयात त्याचे चरित्र हाती पडले आणि एका पानावर मी थबकले.

त्याचा जन्म ६ मे १८५६ चा, मोराव्हियातील फ्रायबर्ग गावी, लोकरीच्या व्यापाऱ्याच्या घरी. बालपणीच कुटुंब व्हिएन्नात आले; तेथेच तो डॉक्टर झाला. रुग्णाला कोचावर पडून मनात येईल ते बोलू द्यायचे, ही त्याची रीत. प्रत्येकाला ठरलेला तास, आणि हे महिनोन्‌महिने चाले. (मनाच्या दुखण्याला इतका वेळ द्यावा, हे आमच्या घरी कुणाला पटायचे नाही.)

डिसेंबर १९०४ मध्ये व्हिएन्नातील डॉक्टरांपुढे व्याख्यान देताना त्याने सांगितले की, पन्नाशीला पोचलेल्यांना या उपचाराचा उपयोग नाही. त्यांच्या मनाची लवचिकता सरलेली असते. शिवाय आयुष्यभराचे सारे उपसायचे तर उपचाराला अंतच राहणार नाही. तेव्हा तो स्वतः ४८ वर्षांचा होता!

मला अण्णा आठवले. माझा थोरला भाऊ गेल्यावर, ५२ व्या वर्षी, त्यांनी बोलणेच टाकले. डॉक्टरांनी रक्तदाब तपासला आणि या वयात असे व्हायचेच, म्हणून परत पाठवले.

१९१५ मध्ये फ्रॉइडनेच लिहिले की, अबोध मनाला काळ ठाऊक नाही. म्हणजे तेथली जखम जुनी होत नाही. मग पन्नाशीची रेघ कशाला? १९१९ मध्ये त्याचाच सहकारी कार्ल अब्राहम याने पन्नाशीतले रुग्णही बरे होतात असे दाखवले. रुग्णाच्या वयापेक्षा दुखणे कोणत्या वयात जडले हे पाहावे, असे त्याचे म्हणणे. मला अब्राहमचेच पटते.

आणि खुद्द फ्रॉइड? १९२३ मध्ये त्याच्या जबड्याला कॅन्सर झाला. पुढे तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. तरी १९२६ मध्ये, सत्तरीत, चिंतेविषयीचे आपले जुने मत त्याने स्वतःच मोडून नवे मांडले. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया बळकावल्यावर ८२ व्या वर्षी तो घर सोडून लंडनला गेला. तेथेही रुग्ण पाहत राहिला. १ ऑगस्ट १९३९ ला त्याने काम थांबवले, आणि २३ सप्टेंबरला तो वारला.

दिवाळीच्या सुट्टीत मी रोज संध्याकाळी ओट्यावर अण्णांजवळ नुसती बसत असे. दहाव्या दिवशी त्यांनी दादाचे नाव घेतले. पुढे काही बोलले नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा बसणार आहे.