ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स

युरोपातील धर्मसुधारणेचा इतिहास आमच्या शब्बाथ शाळांतून सांगितला जातो तेव्हा तो बहुधा ल्यूथरपाशी सुरू होऊन कॅल्व्हिनपाशी संपतो. त्या वादळात घर सोडावे लागलेला एक इंग्रज मनुष्य थेट आपल्या मराठी भाषेच्या अंगणात आला आणि तिच्यातच रमला, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. फादर थॉमस स्टीफन्स आपल्या पंथाचे नव्हते. किंबहुना आपल्या पंथाच्या राणीचे राज्य टाकून ते निघाले होते. तरीही त्यांचे चरित्र आपण जाणावे असे आम्हांस वाटते. आम्हां सिल्वासावासीयांस तर त्याला आणखी एक कारण आहे. ज्या पोर्तुगीज सत्तेच्या छायेत ते गोव्यास राहिले, तीच सत्ता पुढे १७८३ साली नगर हवेलीत व १७८५ साली दादऱ्यास आली आणि १९५४ पर्यंत टिकली.

त्यांचा जन्म १५४९ साली इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी आर्चबिशप क्रॅन्मर यांचे इंग्रजी प्रार्थनापुस्तक देशभर लागू झाले आणि लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत उपासना होऊ लागली. आठव्या हेन्रीने १५३४ साली रोमशी नाते तोडले होते. त्याचा मुलगा सहावा एडवर्ड प्रॉटेस्टंट मताचा. १५५३ साली राणी मेरी गादीवर आली, तिने देश पुन्हा रोमकडे नेला व सुमारे तीनशे प्रॉटेस्टंटांना जिवंत जाळविले. त्यांत स्वतः क्रॅन्मरही होते. १५५८ साली एलिझाबेथ आली आणि पारडे पुन्हा फिरले. थॉमस दहा वर्षांचा होण्याआधी देशाचा धर्म असा तीनदा राजवाड्यातून ठरविला गेला! १५७० साली पोपने एलिझाबेथला बहिष्कृत केल्यावर इंग्लंडातील कॅथॉलिकांवर राजद्रोहाचा संशय येऊ लागला. थॉमस व त्यांचे मित्र पाउंड यांनी रोमला जाण्याचे ठरविले. पाउंड पकडले जाऊन तीसएक वर्षे तुरुंगात राहिले. थॉमस निसटले व १५७५ साली रोम येथे येशूसंघात दाखल झाले.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून त्यांचे जहाज निघाले व २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. वाटेत दीडशेहून अधिक लोक आजारी पडले, हिरड्या सुजल्या, सुमारे सत्तावीस जण दगावले. हे सारे त्यांनी आपल्या वडिलांना पत्राने कळविले. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांच्या जवळची असल्याचे नमूद केले. युरोपातील पंडितांना हे पुरते उमगण्यास पुढे दोनशे वर्षे लागली.

त्यांची बहुतेक हयात गोव्यातील साष्टी प्रांतात गेली, आणि तेथील परिस्थिती काही निर्मळ नव्हती. गोव्यात इन्क्विझिशन १५६० साली सुरू झाले होते. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडण्यात आली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांनी येशूसंघाच्या पाच जणांना ठार केले. त्यांची प्रेते मिळवून पुरण्याचे काम स्टीफन्स यांनी केले. नंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी बोलावून मारले. शुभवर्तमान तलवारीच्या सोबतीने आले म्हणजे काय होते, हे येथे दिसते, व ख्रिस्ती वाचकाने त्यावरून नजर वळवू नये.

त्याच वर्षाअखेरीस फिच, न्यूबेरी आदी इंग्रज व्यापारी हेर म्हणून कैद होऊन गोव्यास आणले गेले. १५८० पासून पोर्तुगालची गादी स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे होती आणि एलिझाबेथशी त्याचे वैर वाढत चालले होते. कैदी तिची प्रजा, शिवाय पाखंडाचा संशय. तरी स्टीफन्स यांनी खटपट करून त्यांना जामिनावर सोडविले. या माणसाचे मन आम्हांस येथे अधिक कळते.

आता ग्रंथाविषयी. बाप्तिस्मा झालेल्या लोकांची जुनी पुराणे हिरावून घेतली गेली होती आणि त्या जागी काहीच दिलेले नव्हते. प्रश्नोत्तरी पाठ करून कोणाची भूक भागते? कथा, कीर्तन, ओवी यांवर वाढलेल्या लोकांना कथाच हवी होती. एकनाथांचे समकालीन असलेल्या या इंग्रज गृहस्थाने संतांच्याच ओवीत, कोकणी शब्दांची भर घालून, उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतचे शास्त्र गायिले. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात नवा. एकूण ओव्या सुमारे अकरा हजार. साष्टीतील मंदिरांत रविवारी व सणांच्या दिवशी तो ग्रंथ वाचला जाई. आमच्या भागात घरी वारली वा कोकणा बोलणाऱ्या मुलांना पुस्तकी मराठीत धडा देणाऱ्या शिक्षकांनी यावर थोडे थांबून विचार करावा. स्टीफन्स यांनी आधी लोकांची बोली ऐकली, मग लेखणी धरली.

ग्रंथ देशी लिपीत छापावा अशी त्यांची इच्छा होती. परंतु त्यासाठी सुमारे सहाशे ठसे पाडावे लागतील, आणि युरोपात चोवीसांत भागते, अशी अडचण त्यांनी १६०८ साली रोमला कळविली होती. शेवटी १६१६ साली राशोल येथे ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले. विल्यम केरी यांचा मराठी नवा करार त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी, १८११ साली निघाला. लोकभाषेचा आग्रह हा आपला वारसा असे आपण प्रॉटेस्टंट अभिमानाने म्हणतो. मराठीत मात्र तो मान प्रथम या जेज्विटाकडे जातो.

१६१९ साली ते गोव्यातच वारले. त्यांचे कोकणी व्याकरण १६४० साली प्रसिद्ध झाले. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. पुराण मात्र हस्तलिखितांतून टिकले आणि १९०७ साली मंगळूर येथे पुन्हा छापले गेले, तेही रोमन लिपीतच. पुढे १९२५ च्या सुमारास लंडनमधील एका संग्रहात त्याची देवनागरी पोथी आढळली. ती उजेडात आणणारे जस्टिन अ‍ॅबट हे अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे आपल्याच मंडळींतले. १९५६ साली पुण्याच्या प्रसाद प्रकाशनाने शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली आवृत्ती काढली, आणि ख्रिस्तपुराण देवनागरीत छापले गेले.