केरूनाना छत्रे आणि जवळचा पूर्णांक

पूर्णांकयुक्त अपूर्णांक किंवा दशांश अपूर्णांक जवळच्या पूर्णांकात लिहा, हा प्रश्न मुलं दोन मिनिटांत सोडवतात आणि तितक्याच लवकर विसरतात. काढून टाकलेल्या तुकड्याचं पुढे काय होतं, हे कोणी सांगत नाही म्हणून. केरो लक्ष्मण उर्फ केरूनाना छत्रे यांचं अर्धं आयुष्य त्या तुकड्यामागे गेलं.

त्यांचा जन्म १६ मे १८२५चा, अलिबागजवळच्या नागावचा. आईवडील लहानपणीच गेले. शिक्षणासाठी मुंबईला आले, एल्फिन्स्टनमध्ये शिकले. तिथले प्रोफेसर ऑर्लेबार यांनी मुलाची गणिताची चुणूक हेरली आणि पंधरा-सोळाव्या वर्षीच कुलाब्याच्या वेधशाळेत कामाला लावलं. काम म्हणजे चुंबकसूची, तापमापक, वायुभारमापक यांची वाचनं ठरलेल्या वेळी टिपायची. आता काटा काही नेमका रेघेवर उभा राहत नाही. दोन रेघांच्या मध्ये असतो, आणि तो कोणत्या रेघेला जवळ हे बघावं लागतं. आपला धडा तरी याहून वेगळा काय आहे?

आमची शाळा शीवची. शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट इथे संपायचं, पलीकडे साष्टी. मुलांना मी सांगते, दोन पूर्णांकांच्या मधली शीव म्हणजे अर्धा. अलीकडे असाल तर मागचा पूर्णांक, पलीकडे गेलात तर पुढचा. आणि बरोबर शिवेवर उभे असाल तर पुढचा घ्यायचा, हा फक्त संकेत आहे, एवढं मात्र प्रामाणिकपणे सांगावं. ३ ४/९ आला तर अंशाची दुप्पट करा: ८, छेदापेक्षा कमी, म्हणून उत्तर ३. दशांशात तर नुसता पहिला दशांश अंक बघायचा. २.४६ चं आधी २.५ आणि मग ३ करणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. उत्तर २ आहे. पालकांनी घरी पावणेचार, सव्वातीन हे शब्द वापरावेत. पावणेचार म्हटलं की चार जवळ आले, हे शब्दच सांगतो. (‘थ्री पॉइंट सेव्हन फाइव्ह’ मध्ये ती सोय नाही.)

१८५१ नंतर केरूनाना पुण्याला कॉलेजात शिकवू लागले. पुढे डेक्कन कॉलेजात टिळक त्यांचे विद्यार्थी होते. मराठी शाळांसाठी त्यांनी अंकगणिताचं आणि पदार्थविज्ञानाचं पुस्तकही केलं. पण माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम १८६०चं, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’. युरोपातल्या वेधांवरून ग्रहगणित मराठीत आणलं.

त्यातली वर्षाची लांबी वर्गात जरूर घ्या. सूर्यसिद्धांताचं वर्ष ३६५ दिवस १५ घटी ३१ पळांचं, वर थोडी विपळं. आधुनिक वेधांनी नाक्षत्र वर्ष येतं ३६५ दिवस १५ घटी आणि जवळजवळ २३ पळं. दिवसांत सांगा: दोन्ही ३६५. घटींत सांगा: एका घटीत ६० पळं, म्हणजे शीव ३० वर. १५ ३१/६० होतात १६, आणि १५ २३/६० होतात १५! फरक साडेआठ पळांचा, म्हणजे साडेतीन मिनिटांच्याही आत. पण मध्ये शीव आली की पूर्ण घटीचा दिसतो.

एका वर्षात साडेतीन मिनिटं कोणाला कळणार? दर वर्षी तेवढीच चूक एकाच बाजूला साचली, तर साधारण १३५० वर्षांत सव्वातीन दिवस होतात. आपली पंचांगं तेवढी पुढे सरकली होती. शिवाय सौर वर्षात चांद्रमास साधारण १२ ७/१९. आपण १२ धरतो, नियमाप्रमाणे बरोबरच, पण ते ७/१९ पंचांग टाकून देत नाही. १९ वर्षांत ७ अधिक महिने घालून परत करतं. सूर्यसंक्रांत काही दिवस अलीकडे-पलीकडे झाली की अधिक महिना कोणता हेच बदलू शकतं, आणि त्याबरोबर सण.

१८६५ पासून केरूनानांच्या गणितावर पटवर्धनी पंचांग निघू लागलं. त्यातल्या संक्रांती जुन्या पंचांगापेक्षा सुमारे चार दिवस आधी येत. आरंभबिंदू कोणता धरायचा हाही त्यातला वाद होता. गणित कितीही बिनचूक असलं तरी घरचा सण हलवायला लोक सहसा तयार झाले नाहीत. यात लोकांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. केरूनाना १९ मार्च १८८४ला गेले. त्यांची बाजू पुढे टिळकांनी उचलली. २०२३ साली अधिक श्रावण होता, तेव्हा बहुतेकांचे गणपती १९ सप्टेंबरला बसले. टिळक पंचांग पाळणाऱ्या कोकणातल्या घरांत ते २० ऑगस्टलाच बसले होते.