प्लेगच्या सालातले बळवंतराव

गणपतीच्या दिवसांत लोकमान्यांचे नाव निघाले नाही, असे आपल्याकडे होत नाही. १८५६ साली रत्नागिरीत झालेला जन्म, ‘केसरी’, सार्वजनिक उत्सव, मंडाले, ‘गीतारहस्य’, आणि १९१६ साली आपल्या बेळगावच्या प्रांतिक परिषदेच्या वेळी झालेली होमरूल लीगची स्थापना, हे आपल्या घरांत मुलांनाही पाठ असते. ते सारे बाजूला ठेवून आम्ही यंदा १८९७ सालाबद्दल लिहितो. औषधोपचाराच्या नावाने सरकार घरात शिरले, की घरच्या माणसाने काय करावे, हा प्रश्न त्या साली टिळकांपुढे उभा राहिला होता.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग उघड झाला आणि हिवाळ्यात तो पुण्यात पोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. झडती घेणे, रोगी उचलून नेणे, सामान नष्ट करणे, सारे अधिकार सरकारच्या हाती आले. पुण्याच्या प्लेग समितीवर वॉल्टर चार्ल्स रँड यांची नेमणूक झाली. मार्चच्या मध्यापासून गोरे सोजिर घरोघर फिरू लागले. बुटांसकट ते माजघरात, स्वयंपाकघरात, थेट देवघरात जात. संशयित रोग्याची रवानगी इस्पितळात, बाकीच्या कुटुंबाची छावणीत. बायकांच्या तपासणीवरून तर शहर पेटून उठले. रूढींचा मान राखावा असे हुकूम कागदावर होते; दारात बंदूकधारी सोजिर उभा असताना तो कागद कोण वाचणार? प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवले ते पुढच्या साली, १८९८ मध्ये. म्हणजे देवघरे उपसणाऱ्यांना आपण नेमके काय शोधतो आहोत, हेच ठाऊक नव्हते.

टिळकांना रूढीचे कैवारी म्हणण्याची पद्धत आहे, आणि तिला आधारही आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी परक्या सरकारची ढवळाढवळ म्हणून विरोध केला. तो विरोध आम्हाला आजही पटत नाही. प्लेगच्या वेळी मात्र त्यांनी उपाय नाकारले नाहीत. रोगी वेगळा ठेवलाच पाहिजे, घर स्वच्छ केलेच पाहिजे, हे ‘केसरी’तून ते सांगत राहिले. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांना त्यांनी बोल लावले. स्वतः पुण्यातच राहिले, झडतीच्या तुकड्यांबरोबर फिरले, छावणीतल्या लोकांसाठी अन्नछत्र काढले. तक्रार होती ती पद्धतीबद्दल: सोजिरांऐवजी गावातली माणसे घ्या, लोकांना विश्वासात घ्या.

सरकारी इस्पितळातले अन्नपाणी घेण्यापेक्षा घरी मेलेले बरे, असे म्हणणारे पुष्कळ होते. त्यांना नुसता उपदेश करून भागणार नव्हते. टिळकांनी पुढाकार घेऊन हिंदू प्लेग इस्पितळ उघडले. धर्माचार सांभाळून उपचार घ्यायची सोय झाली, तर रोगी लपणार नाही, असा त्यात सरळ हिशेब होता. आज असे वेगळे इस्पितळ आपल्याला खटकेल, आणि खटकावेही. त्याच मार्चमध्ये सावित्रीबाई फुले मुंढव्याहून महार समाजातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात आल्या आणि १० मार्चला त्याच रोगाने गेल्या. तिथे अन्नपाण्याचा प्रश्नच नव्हता. दोन्ही वाटा एकाच शहरातल्या, एकाच महिन्यांतल्या.

२२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. बरोबरचे लेफ्टनंट आयर्स्टही मारले गेले. गोपाळराव गोखले तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी सोजिरांवर अत्याचाराचे आरोप केले. परत आल्यावर पुरावा उभा राहीना, तेव्हा त्यांना माफी मागावी लागली. अन्याय खरा असला तरी ऐकीव गोष्टीने तो सिद्ध होत नाही, आणि ती किंमत गोखल्यांनी एकट्याने मोजली. टिळकांना २७ जुलैला अटक झाली. खटला प्लेगवरच्या लेखांचा नव्हे, शिवाजी उत्सवासंबंधीच्या मजकुराचा होता. सहा युरोपियन ज्यूरर दोषी म्हणाले, तिघे हिंदी निर्दोष म्हणाले. १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढल्या सप्टेंबरात ते सुटले.

तोवर सरकारही थोडे शहाणे झाले होते. जितकी झडती कडक तितके रोगी जास्त लपतात, हे अनुभवाने कळले आणि हळूहळू सक्ती सैल झाली. हाफकीन यांची लसही मन वळवूनच टोचायची, असे धोरण राहिले.

प्लेग मात्र वर्षानुवर्षे येत राहिला. आपल्या सीमाभागातल्या जुन्या घरांतही गावाबाहेर शेतात झोपड्या बांधून राहिल्याच्या आठवणी आहेत. १९०३ साली ताईमहाराज प्रकरणाचे खटले चालू असताना टिळकांच्या घरी तो आला, आणि थोरला मुलगा विश्वनाथ त्यात गेला.