बालकांचे सोबती संत फ्रान्सिस झेवियर

आमच्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी अंकात एखादे संतचरित्र द्यावे असे ठरले, तेव्हा संत फ्रान्सिस झेवियर यांचे स्मरण प्रथम झाले. त्यांचे प्रवास व चमत्कार आपणां सर्वांस ठाऊक आहेत. परंतु मैत्री ही शिकावी लागते आणि शिकविताही येते, हे त्यांच्या चरित्रातून कसे प्रत्ययास येते, ते आम्ही येथे सांगणार आहो.

त्यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नाव्हारे देशातील झेवियर गढीत, थोर कुळात झाला. १५२५ साली ते विद्येसाठी पॅरिसला गेले. तेथे बालपणी मेंढरे राखलेला पीटर फाबर त्यांच्या खोलीत राहत असे. १५२९ साली इग्नेशियस लोयोला हे तेथे आले; वयाने मोठे, पायाने अधू, वेश गरिबाचा. मानमरातबाची हौस असलेल्या फ्रान्सिस यांस हा सोबती रुचला नाही. इग्नेशियस मात्र रुष्ट झाले नाहीत. फ्रान्सिस तत्त्वज्ञान शिकवू लागले तेव्हा त्यांनी त्यांस विद्यार्थी मिळवून दिले, पैशाच्या अडचणीत साह्य केले आणि धीर धरला. अखेर ते मानी मन वळले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी व्रत घेतले. त्यातूनच पुढे येशूसंघ उदयास आला.

असे जिंकले गेलेले फ्रान्सिस ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले. ते इस्पितळात आजाऱ्यांजवळ राहत आणि हाती घंटा घेऊन रस्त्यांतून मुलांस गोळा करीत. त्याच वर्षी ते दक्षिणेकडील मोती काढणाऱ्या कोळ्यांच्या किनाऱ्यावर गेले. त्यांची भाषा येत नव्हती. म्हणून जाणत्यांच्या साह्याने प्रार्थना तमिळ भाषेत करवून घेऊन त्यांनी स्वतः पाठ केल्या. शिष्यांआधी गुरूच विद्यार्थी झाला! मुलांनी शिकलेले घरी आईबापांस शिकवावे, असे ते सांगत; आणि स्वतःस जाणे न जमे तेव्हा आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेसाठी मुलांसच धाडीत. अशा रीतीने मुलांच्या मुखीचा धडा त्यांच्या पावलांत उतरे.

१५४४ च्या अखेरीस ते आपल्या वसईसही येऊन गेले. १५४६ साली दूरच्या आंबोयना बेटावर असताना, मित्रांच्या पत्रांतील सह्या कापून त्या ते गळ्यात बाळगीत असत. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियन बेटावर त्यांनी देह ठेवला. त्या वेळी त्यांच्या उशाशी होता तो अंतोनियो नामक चिनी तरुण, गोव्याच्या सेंट पॉल विद्यालयाचा विद्यार्थी. १२ मार्च १६२२ रोजी ख्रिस्तसभेने त्यांस संतपद दिले.

उरणच्या आम्हां पालक-शिक्षकांस यातून काय घ्यावयाचे? दहा आज्ञा घोकून घेणे सोपे आहे. पण मोऱ्याहून वा करंज्याहून आलेले एखादे मूल वर्गात एकटे बसत असेल, खेळात त्यास कोणी घेत नसेल, तर आज्ञांचे ते पाठांतर कोरडेच राहिले. अशा मुलाजवळ दुसऱ्यास बसवावे. आजारी सोबत्याच्या घरी वर्गातील दोघांस पाठवावे. आणि थट्टा करणाऱ्या मुलाविषयीही इग्नेशियसप्रमाणे धीर धरावा. कोण जाणे, त्याच्यातच एखादा फ्रान्सिस दडलेला असेल!